जुनी हिमगाडी : पारख आणि निगा

कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग, स्वीडन, फिनलंड या प्रदेशांत वर्षातील चार ते सहा महिने जमीन बर्फाखाली असते. आपल्याकडे अंगणात स्कूटर उभी असावी, तशी तेथे अनेक घरांपुढे हिमगाडी उभी असते. तिला ‘स्नोमोबाइल’ म्हणतात. पुढे वळण्यासाठी दोन स्की, मागे रबराचा रुंद फिरता ट्रॅक, मधे एंजिन आणि त्यामागे लांबट आसन, अशी तिची रचना असते.

नवी हिमगाडी बरीच महाग असते. म्हणून पुष्कळ लोक वीस-तीस वर्षांची जुनी गाडी विकत घेतात. जुनी वस्तू घेताना फसगत झाली तर पैसे जातात, हे आपल्याला माहीत आहे. येथे मात्र पैशांहून मोठी गोष्ट पणाला लागलेली असते. तापमान उणे ३० अंश सेल्सियस आहे, घर तीस किलोमीटर दूर आहे आणि गाडी बंद पडली, तर काय होईल? गाडी तासाभरात जेवढी वाट सहज कापते, तेवढी भुसभुशीत बर्फातून पायी परत यायला सबंध दिवसही पुरत नाही.

मग जुन्या गाडीवर विश्वास टाकावा तरी कसा? जाणकार माणूस गाडीचे वय किंवा रंग पाहत नाही. तो काही साध्या परीक्षा घेतो, आणि त्या प्रत्येक परीक्षेमागे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील एखादे तत्त्व असते. ती तत्त्वे समजून घेतली की पारख आणि निगा या दोन्ही गोष्टी सोप्या होतात.

गरजेतून जन्मलेले वाहन

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचे गाव आहे. तेथील तरुण यंत्रज्ञ जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए बर्फावर चालणारे वाहन बनवण्याच्या खटपटीत होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. रुग्णालय दूर, रस्ते बर्फाने बुजलेले आणि स्वतःचे वाहन अपुरे! मुलगा दगावला. बोंबार्डिएने प्रयत्न सोडले नाहीत. दातेरी चाकाने फिरणाऱ्या ट्रॅकच्या रचनेचे पेटंट त्याला १९३७ साली मिळाले. त्याची पहिली वाहने मोठी, सात माणसे बसतील अशी होती. १९५९ साली त्याच्या कारखान्याने ‘स्की-डू’ ही लहान, हलकी हिमगाडी बाजारात आणली आणि ती झपाट्याने पसरली. १९६८ च्या एप्रिलमध्ये राल्फ प्लेस्टेड व त्याचे सहकारी अशा गाड्यांवरून समुद्रावरील गोठलेला बर्फ ओलांडत उत्तर ध्रुवावर पोहोचले. आपल्या देशात सियाचिन हिमनदीवर भारतीय सैन्य हिमस्कूटर वापरते.

१९७० च्या सुमारास हिमगाड्या बनवणारे पुष्कळ लहानमोठे कारखाने होते. त्यांतील बहुतेक पुढे बंद पडले. म्हणून जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न विचारावा तो हा : हिचे सुटे भाग अजून मिळतात का? भाग मिळत नसतील तर उत्तम गाडीही पहिल्या मोठ्या बिघाडानंतर अडगळीत जाते.

गाडी रुतत का नाही?

समजा, गाडीचे वजन २२० किलोग्रॅम आणि स्वाराचे ८० किलोग्रॅम आहे. एकूण ३०० किलोग्रॅम झाले. ट्रॅकचा बर्फाला टेकलेला भाग साधारण ३८ सेंटिमीटर रुंद व १०० सेंटिमीटर लांब धरू. त्याचे क्षेत्रफळ ३,८०० चौरस सेंटिमीटर. दोन्ही स्कींचे मिळून १,२०० धरले तर एकूण ५,००० चौरस सेंटिमीटर होतात. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर केवळ ६० ग्रॅम भार पडतो. तोच स्वार पायी चालू लागला, तर पाऊल टाकताना त्याचे ८० किलोग्रॅम वजन एका बुटाच्या सुमारे २५० चौरस सेंटिमीटरवर येते. हा भार ३२० ग्रॅम, म्हणजे पाचपटीहून अधिक झाला! त्यामुळे गाडी बर्फावर राहते आणि माणूस गुडघ्याएवढा रुततो.

हे सारे ट्रॅकच्या जोरावर चालते. म्हणून जुन्या गाडीचा ट्रॅक हाताने फिरवून इंच न् इंच पाहावा. रबराला भेगा आहेत का, बर्फात रुतणारे उंचवटे तुटले आहेत का, आतील आडव्या काड्या बाहेर डोकावत आहेत का, हे तपासावे. फाटका ट्रॅक बदलणे हा मोठ्या खर्चाचा भाग आहे.

थंडीत एंजिन का जळते?

जुन्या हिमगाड्यांत बहुधा टू-स्ट्रोक एंजिन असते. आपल्याकडील पूर्वीच्या स्कूटरींत पेट्रोलमध्ये तेल मिसळून भरत असत, तसेच येथेही असते. काही गाड्यांत तेलाची टाकी वेगळी असून पंप ते तेल एंजिनाला पुरवतो. हे तेलच दट्ट्याचे वंगण होय.

आता एक नवलाची गोष्ट. बाहेर जितकी थंडी अधिक, तितका हे एंजिन तापून खराब होण्याचा धोका अधिक! असे का व्हावे? हवेचा दाब तोच राहिला तर तिची घनता केल्व्हिन तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. शून्य अंश सेल्सियस म्हणजे २७३ केल्व्हिन आणि उणे ३० अंश म्हणजे २४३ केल्व्हिन. २७३ ला २४३ ने भागले की १.१२ येतात. म्हणजे उणे ३० अंशांना तेवढ्याच आकारमानाच्या हवेत १२ टक्के अधिक ऑक्सिजन असतो. पण कार्बुरेटरमधील ‘जेट’ ही पितळेची बारीक तोटी तीच राहिल्याने पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. मिश्रण विरळ होते. विरळ मिश्रणात दट्ट्याचे तापमान वाढते, आणि पेट्रोलबरोबर येणारे तेलही हवेच्या मानाने कमी पडते. ॲल्युमिनियमचा दट्ट्या प्रसरण पावून सिलिंडरला घट्ट धरतो, किंवा त्याच्या माथ्यालाच भोक पडते. म्हणून कडाक्याची थंडी पडली की जाणकार मोठ्या भोकाची जेट बसवतात.

जुन्या गाडीत आणखी एक धोका असतो. कार्बुरेटर व एंजिन यांना जोडणारी रबरी नळी वर्षानुवर्षांच्या वापराने तडकते. त्या भेगेतून जादा हवा आत शिरते आणि मिश्रण पुन्हा विरळ होते. ही नळी वाकवून पाहिली की भेगा दिसतात. चार पैशांच्या नळीमुळे सबंध एंजिन गमावल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

गाडी विकत घेताना

गाडी पाहायला जाल तेव्हा प्रथम एंजिनावर हात ठेवा. ते गार असले पाहिजे. विकणाऱ्याने आधीच गाडी चालू करून ठेवली असेल, तर गार एंजिन सुरू होण्याचा त्रास त्याला लपवायचा असण्याची शक्यता असते.

मग सुरू करण्याची दोरी हळूहळू ओढा. निरोगी एंजिनात दट्ट्या वर येताना हाताला चांगला विरोध जाणवतो. दोरी सरळ निसटत आली तर दट्ट्याची कडी झिजली असे समजावे. अधिक खात्रीसाठी स्पार्क प्लगच्या जागी दाबमापक बसवतात. अनेक जुन्या एंजिनांत हा दाब दर चौरस इंचास ११० ते १३० पौंड भरतो. आकड्यापेक्षाही महत्त्वाचे हे की दोन्ही सिलिंडरांतील दाब जवळजवळ सारखा असावा. दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल तर सौदा जपून करावा.

गाडी थोडी चालवल्यानंतर काढलेला स्पार्क प्लग म्हणजे एंजिनाची जीभच. वैद्य जीभ पाहून प्रकृती ओळखतात, तसा येथे प्लगच्या टोकाचा रंग पाहावा. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य, काळा व ओलसर असेल तर पेट्रोल जास्त, आणि पांढराफटक असेल तर मिश्रण विरळ, म्हणजे धोका!

वेग वाढवण्याचा खटका सोडताच झटकन मागे येतो ना, ब्रेक लागतो ना, एंजिन तत्काळ बंद करण्याचे बटण चालते ना, हे पाहिल्याशिवाय गाडीवर बसू नये. गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक कागदपत्रांतील क्रमांकाशी ताडून पाहावा.

पट्टा आणि कप्प्या

हिमगाडीला गिअर बदलावे लागत नाहीत. एंजिनावर एक आणि ट्रॅककडे जाणाऱ्या दांड्यावर दुसरी, अशा दोन कप्प्या असतात व त्यांवर रबरी पट्टा असतो. प्रत्येक कप्पी उतरत्या कडांच्या दोन तबकड्यांची बनलेली असते. एंजिनाचा वेग वाढला की पुढच्या कप्पीतील लहान वजने केंद्रोत्सारी प्रेरणेने बाहेर फेकली जातात आणि तबकड्यांना जवळ ढकलतात. पट्टा वर चढतो, त्या कप्पीचा व्यास जणू वाढतो. त्याच वेळी मागच्या कप्पीत पट्टा खाली उतरतो. १९८४ साली आपल्याकडे आलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरमध्ये हीच युक्ती होती, आणि आजच्या बिनगिअरच्या स्कूटरींतही ती आहे.

पट्टा झिजून अरुंद झाला की कप्पीत खोल बसतो आणि गाडीची ओढ कमी होते. नव्या पट्ट्यापेक्षा रुंदी तीन मिलिमीटरने घटली तर तो बदलावा. कप्प्यांच्या कडा स्वच्छ, कोरड्या ठेवाव्यात. त्यांना तेल लावणे ही निगा नव्हे, कारण येथे घर्षणच कामाचे असते.

बर्फ हेच वंगण

ट्रॅक ज्या रुळांवरून सरकतो, त्यांना खालून प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. त्यांना वंगण व गारवा मिळतो तो उडणाऱ्या बर्फापासून! पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनांत गरम पाणी ट्रॅकच्या वरील पोकळ पत्र्यांतून फिरते आणि ट्रॅकने उडवलेला बर्फ ते थंड करतो. म्हणून गाडी उघड्या रस्त्यावरून किंवा गुळगुळीत, कडक बर्फावरून फार वेळ नेली, तर प्लॅस्टिक वितळते व एंजिन तापते. या पट्ट्या किती झिजल्या आहेत, हे पाहिले की आधीच्या मालकाने गाडी कशी चालवली ते कळते.

उन्हाळ्यातील निगा

हिमगाडी बिघडते ती बहुधा उन्हाळ्यात, नुसती उभी राहून. पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात आणि उरलेला चिकट राळेसारखा थर जेटची बारीक भोके बुजवतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतील ओलावा शोषते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होते. म्हणून हंगाम संपताच कार्बुरेटर रिकामा करावा, एंजिनात तेलाचा फवारा मारून आतील भागांवर पातळ लेप बसवावा, चाकांच्या बेअरिंगांत ग्रीस भरावे, पट्टा काढून ठेवावा आणि ट्रॅकवरचा भार कमी होईल अशी गाडी उचलून टेकवावी. धूर सोडण्याच्या नळीचे तोंड बुजवावे, नाहीतर उंदीर आत घर करतात. हिवाळ्यात ती बुजवणी काढायला मात्र विसरू नये!

गाडी चांगली असली तरी दूर जाताना जादा पट्टा, स्पार्क प्लग, हत्यारे, आगपेटी आणि गरम कपडे बरोबर हवेतच. गोठलेल्या तळ्यावरून जायचे तर नव्या, पारदर्शक बर्फाची जाडी निदान १३ ते १८ सेंटिमीटर लागते, असे अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचा निसर्गसंपदा विभाग सांगतो. तरीही कोणताही बर्फ पूर्ण सुरक्षित नसतो, असेही तो बजावतो.

करून पाहा

आलेख कागदावर आपले पाऊल ठेवून कडेने रेघ ओढा. आतील चौकोन मोजून पावलाचे क्षेत्रफळ काढा. आपले वजन ग्रॅममध्ये घेऊन त्याने भागा. एका पायावर उभे असताना दर चौरस सेंटिमीटरवर पडणारा भार मिळेल. मग घरातील जेवणाच्या पाटाची लांबी-रुंदी मोजा. असे किती पाट एकाशेजारी एक जोडले, तर त्यांवर उभे राहून तुमचा भार हिमगाडीच्या ६० ग्रॅमांवर येईल? तुमच्या घरी बिनगिअरची जुनी स्कूटर असेल, तर तिच्या पट्ट्याची रुंदी शेवटची कधी मोजली होती, हे मेकॅनिकला जरूर विचारा.