जोर नेमका कुठे द्यायचा?

कॉल सेंटरमधल्या आपल्या मुलामुलींचा ॲक्सेंट बोलता बोलताच ‘सौम्य’ करणारं सॉफ्टवेअर टेलिपरफॉर्मन्स या बड्या फ्रेंच कंपनीनं भारतात वापरायला घेतलं, ही २०२५ च्या सुरुवातीची बातमी. तिच्यावर संताप व्यक्त करून झाला, विनोद करून झाले. आवाज त्याच माणसाचा राहतो, पण तिकडच्या ग्राहकाच्या कानावर पडेपर्यंत उच्चार बदललेले असतात, असा सानास या अमेरिकी कंपनीचा हा उद्योग. वर्णद्वेष की सोय, हा वाद चालूच राहील. मला त्याहून जुना प्रश्न जास्त छळतो. आपलं इंग्रजी परक्याला कळत नाही, ते नेमकं कशामुळे?

स्पोकन इंग्लिशच्या क्लासात याचं उत्तर ठरलेलं असतं. ‘थिंक’ म्हणताना जीभ दातांत धरा, ‘व्ही’ला खालचा ओठ दातांखाली घ्या, ‘आर’ घोळवा. आठवडेच्या आठवडे यात जातात, फीही जाते. माझ्या मते यातले निम्मे कष्ट चुकीच्या जागी होतात, आणि हे सांगणारा माणूस हैदराबादेत साठ वर्षांपूर्वीच होऊन गेला.

त्यांचं नाव आर. के. बन्सल. हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशमध्ये (आजचं इफ्लू विद्यापीठ) ते ध्वनिशास्त्र शिकवत. ‘भारतीयांचं इंग्रजी समजत नाही’ ही तक्रार सगळेच करत होते. बन्सल यांनी ती मोजायला घेतली. वेगवेगळ्या मातृभाषांच्या भारतीयांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं, ते ब्रिटिश, अमेरिकी, जर्मन, नायजेरियन आणि भारतीय श्रोत्यांना ऐकवलं आणि किती कळलं ते तपासलं. १९६९ मध्ये हे काम पुस्तकरूपानं आलं. सलग बोलण्यातलं ब्रिटिश श्रोत्यांना सरासरी ७० टक्क्यांच्या आसपासच कळलं होतं. त्याहून झोंबणारी गोष्ट अशी की भारतीयांचं इंग्रजी दुसऱ्या प्रांतातल्या भारतीयांनाही पुरतं कळत नव्हतं. आणि न कळण्याचं सर्वांत मोठं कारण जीभ किंवा ओठ नव्हते. शब्दातल्या चुकीच्या अक्षरावर दिलेला जोर, हे ते कारण.

‘फोटोग्राफ’ घ्या. इंग्रज ‘फो’वर जोर देतो. ‘फोटोग्राफर’ म्हणताना तो जोर ‘टो’वर सरकतो आणि आजूबाजूचे स्वर इतके चेपले जातात, की ऐकू येतं ते ‘फटॉग्रफर’. ‘फोटोग्राफिक’मध्ये जोर आणखी पुढे, ‘ग्रॅ’वर. आपण तिन्ही शब्द एकाच चालीत म्हणतो, प्रत्येक अक्षराला त्याचा पुरेपूर वाटा देऊन. ‘हॉटेल’ आपण ‘हॉ’वर उचलतो, इंग्रज ‘टेल’वर. ‘डेव्हलप’मध्ये जोर ‘डे’वर पडला, तर समोरचा ‘डेव्हिल’च्या, म्हणजे सैतानाच्या मागे धावतो आणि तोवर आपलं वाक्य पुढे निघून गेलेलं असतं. इंग्रजी कान शब्द ओळखतो तो बऱ्याच अंशी जोर पडलेल्या अक्षरावरून.

यात आपला दोष नाही, आपल्या कानाची घडण वेगळी आहे. मराठी पद्य लघु-गुरु बघतं, मात्रा मोजतं. इंग्रजी पद्य आघात मोजतं. मराठीत जोराची जागा बदलल्यानं शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे तिकडे लक्ष द्यायची सवयच कानाला लागत नाही. त्यात भर म्हणजे गाइडमध्ये इंग्रजी शब्दाखाली छापलेला देवनागरी उच्चार. देवनागरी प्रत्येक स्वराला ठसठशीत चिन्ह देते आणि जोर कुठे आहे हे अजिबात सांगत नाही. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे त्या वयापासूनच मुलं गाइडमधले हे उच्चार सपाट चालीत घोकतात.

सुट्या ध्वनींमध्येही आपण भलत्याच ठिकाणी घाम गाळतो. जेनिफर जेनकिन्स या ब्रिटिश अभ्यासिकेनं २००० मध्ये ‘परक्यांनी परक्यांशी इंग्रजी बोलताना काय सांभाळलं नाही तर घोटाळा होतो’ याची यादी केली. त्यात ‘थिंक’मधला तो सुप्रसिद्ध ‘थ’ नाही! आहे ते शब्दारंभीच्या ‘प’, ‘ट’, ‘क’ बरोबर सुटणारा श्वास. चहाची इंग्रजी ‘टी’ प्रत्यक्षात ‘ठी’कडे झुकते. ख आणि ठ जन्मापासून जिभेवर असलेले आपण मराठी लोक नेमके तिथे ते वापरत नाही, म्हणून आपला ‘पेन’ लंडनच्या कानाला ‘बेन’ वाटू शकतो. ही गंमत वर्गात कुणी सांगत नाही. (जेनकिन्सबाई शब्दांतल्या जोराला मात्र फारसं महत्त्व देत नाहीत. इथे मी बन्सल यांच्या बाजूचा.)

आणि सगळा भार बोलणाऱ्यावरच का? मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्ये कॅनडात दाखवलं, की श्रोत्यांना ज्या बोलण्यात परका हेल भरपूर जाणवला, त्यातलंही बरंचसं त्यांनी शब्दन् शब्द बरोबर उतरवून घेतलं होतं. हेल वेगळा, न कळणं वेगळं. १९९२ चा डोनाल्ड रुबिन यांचा प्रयोग तर अस्वस्थ करणारा आहे. अमेरिकी विद्यार्थ्यांना एका अमेरिकी बाईच्याच आवाजातलं व्याख्यान ऐकवलं; काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना ते कमी कळलं. ध्वनिफीत एकच होती. असल्या कानांवर कोणतं सॉफ्टवेअर चालवणार?

भाषा किती येते याच्या पातळ्या ठरवणाऱ्या युरोपच्या भाषा-चौकटीनंही २०१८ मध्ये उच्चारांची मोजपट्टी बदलली. अस्सल इंग्रजासारखं बोलता येतं का, याऐवजी किती स्पष्ट कळतं, हे आता पाहिलं जातं. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतही नुसत्या हेलाचे गुण कापत नाहीत. ‘ॲक्सेंट घालवून देतो’ म्हणणाऱ्या पाट्यांपर्यंत मात्र ही वार्ता पोचलेली नाही.

उपाय महागडे नाहीत. ज्युडी गिल्बर्ट या अमेरिकी शिक्षिका विद्यार्थ्यांच्या हातात जाड रबरबँड देत; जोराचं अक्षर आलं की तो ताणायचा, बाकीच्या अक्षरांना सैल सोडायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेलाही हे परवडेल. आणि गाइड छापणाऱ्यांनी ‘डिव्हेलप’मधल्या ‘व्हे’खाली एक रेघ ओढली, तर छपाईचा खर्च एका पैशानंही वाढणार नाही.