लेखांक ४ : नोकरी नसलेला प्रौढ आणि महाविद्यालयाचा खर्च

शिक्षणासाठी मिळणारा पैसा साधारणपणे तीन वाटांनी येतो : परत करावी न लागणारी शिष्यवृत्ती, व्याजासह फेडावे लागणारे कर्ज, आणि ठरावीक मुदतीच्या सेवेच्या बदल्यात मिळणारे साहाय्य. यांपैकी तिसरी वाट आज बहुतेकांच्या विस्मरणात गेली असली, तरी बडोद्याच्या इतिहासातील सर्वांत गाजलेले शैक्षणिक साहाय्य त्याच वाटेने दिले गेले होते. ४ जून १९१३ रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांनी महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा सरकारशी जो करार केला, त्यानुसार न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अभ्यासासाठी त्यांना तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे होते आणि परतल्यावर त्यांनी दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची होती. आंबेडकर तेव्हा बावीस वर्षांचे, पदवीधर आणि विवाहित होते. त्यांच्या वडिलांचे त्याच वर्षी फेब्रुवारीत निधन झाले होते. अर्थात, ज्याच्या उत्पन्नावर साहाय्याची पात्रता मोजावी असा पालकच उरलेला नव्हता, आणि या कराराला तशा पालकाची गरजही नव्हती, कारण त्याचा आधार उमेदवाराची योग्यता आणि त्याची पुढील सेवा हा होता.

सेवाबंधाच्या या पद्धतीतील उणीवही बडोद्यातच उघडी पडली. १९१७ साली आंबेडकर करारानुसार नोकरीवर रुजू झाले खरे, परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहावयास जागा मिळेना आणि थोड्याच दिवसांत त्यांना परतावे लागले. ज्या सेवेवर सारा व्यवहार बेतलेला होता, ती सेवा करू देण्याइतके शहर तयार नव्हते. १९२० साली अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी ते लंडनला गेले, तेव्हा त्यांच्यामागे एकच दाता नव्हता : मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या वेतनातून राखलेली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज अशी ती तुकड्यातुकड्यांची जुळणी होती. खंड पडल्यानंतर पुन्हा शिकू पाहणाऱ्या आजच्या प्रौढाच्या वाट्याला १९१३ पेक्षा १९२० ची रीतच अधिक येते.

याचे कारण नियमांच्या घडणीत आहे. सध्याच्या बहुतेक योजना नुकताच बारावी उत्तीर्ण झालेला आणि आईवडिलांच्या आधाराने राहणारा विद्यार्थी गृहीत धरून रचलेल्या आहेत. गुजरात सरकारच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेत बारावीनंतरच्या पदवी अभ्यासक्रमासाठी ८० पर्सेंटाइल, म्हणजे त्या परीक्षेला बसलेल्यांपैकी शंभरात सुमारे ऐंशी जणांच्या पुढे असण्याची अट आहे, आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाला सहा लाख रुपयांची मर्यादा आहे. बडोद्यातील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाना बंद पडल्याने घरी बसलेल्या चाळिशीतील कामगाराच्या दृष्टीने, त्याची आजची कुवत त्याच्या अठराव्या वर्षीच्या गुणपत्रिकेने मोजणे हे काहीसे विचित्रच म्हटले पाहिजे.

अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाला मिळणारे केंद्रपुरस्कृत साहाय्य, १९४४ पासून चालत आली आहे. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. या योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये असून प्रौढाने तिचे दोन बारकावे ध्यानात ठेवावेत. पहिला असा, की एका टप्प्याचे शिक्षण पुरे करून त्याच टप्प्याचे दुसरे शिक्षण घेणारा, उदाहरणार्थ बी.ए. झाल्यावर बी.कॉम.ला बसणारा, साहाय्यास पात्र ठरत नाही. दुसरा बडोद्यातील मराठी कुटुंबांना विशेष लागू पडणारा आहे : शिष्यवृत्ती विद्यार्थी जेथे शिकतो ते राज्य देत नाही, तर तो ज्या राज्याचा मूळ रहिवासी आहे ते देते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या येथे स्थायिक झालेल्या कुटुंबाने गुजरातकडे, आणि नुकत्याच आलेल्या, महाराष्ट्राचाच दाखला असलेल्या कुटुंबाने महाराष्ट्राकडे अर्ज करावयाचा असतो. मामलतदार कचेरीतून ‘आवकनो दाखलो’, म्हणजे उत्पन्नाचा दाखला, काढण्यापूर्वीच हा प्रश्न सोडवून घेणे इष्ट, कारण चुकीच्या राज्याच्या दारात उभा राहिलेला अर्ज बहुधा वर्ष वाया घालवतो.

कर्जाच्या बाबतीत नियम वयाकडे पाहत नाहीत, नात्याकडे मात्र पाहतात. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत कमाल वयाची अट नाही आणि साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही; तथापि आईवडिलांपैकी कोणीतरी सहकर्जदार, म्हणजे फेडीची जबाबदारी बरोबरीने घेणारी व्यक्ती, असावी लागते आणि विवाहित अर्जदाराबाबत ती जागा पती, पत्नी किंवा सासूसासरे घेऊ शकतात. नोकरी गेलेल्या माणसाच्या घरात याचा अर्थ बहुधा असा होतो, की पत्नीच्या पगाराच्या चिठ्ठीवर पतीचे महाविद्यालय उभे राहते. सयाजीरावांच्याच पुढाकाराने १९०८ साली याच शहरात स्थापन झालेल्या बँक ऑफ बडोदासह कोणत्याही बँकेत जाण्यापूर्वी ‘मोरॅटोरियम’ हा शब्द समजून घ्यावा : अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर सामान्यतः एक वर्ष हप्ते मागितले जात नाहीत, परंतु व्याज या काळातही साचतच राहते. आयकर कायद्याच्या ८०-ई कलमाखाली या व्याजाची आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते खरी, पण ती जुनी करपद्धती निवडणाऱ्यालाच आणि कर भरण्याइतके उत्पन्न असणाऱ्यालाच उपयोगी.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र भविष्यनिर्वाह निधीचे आहे, कारण तो पैसा कामगाराच्या स्वतःच्या घामाचा असतो. निधीच्या १९५२ च्या योजनेतील ६८-के हा परिच्छेद सात वर्षांच्या सभासदत्वानंतर स्वतःच्या वर्गणीचा अर्धा भाग काढू देतो. कशासाठी, तर स्वतःच्या, मुलांच्या किंवा भावंडांच्या लग्नासाठी, अथवा मुलामुलींच्या दहावीनंतरच्या शिक्षणासाठी. स्वतःचे लग्न त्यात आहे, स्वतःचे शिक्षण नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या विश्वस्त मंडळाने अशा तेरा तरतुदी एकत्र करून त्यांचे तीन गट करण्याचे ठरवले आणि शिक्षण हे आवश्यक गरजांच्या गटात घातले. याशिवाय कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना नोकरी गमावलेल्या विमाधारकाला सरासरी दैनिक मिळकतीच्या निम्म्या दराने कमाल ९० दिवस साहाय्य देते. त्यातून पदवी पुरी होणार नाही, परंतु अहमदाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठासारख्या, गुजरातीतून शिकवणाऱ्या आणि नियमित हजेरीची सक्ती नसलेल्या संस्थेच्या पहिल्या वर्षाचे शुल्क भरून घर चालवण्याइतका अवधी त्यातून काढता येतो.