व्हॅले : आखाड्याच्या कडेची कुस्तीगीर

अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत (निकाल आधी ठरवून सादर होणारा कसरतींचा खेळ) मल्लासोबत आखाड्यापर्यंत येणाऱ्या साथीदार स्त्रीला ‘व्हॅले’ म्हणतात. ती केवळ शोभेसाठी असते, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात लढतीची गोष्ट प्रेक्षकांपर्यंत पोचवणे हे तिचे काम असते. पंचाचे लक्ष वळवणे, प्रतिस्पर्ध्याचा पाय ओढणे, गर्दीचा रोष ओढवून घेणे हे सारे तिला नेमक्या क्षणी करावे लागते. पोवाड्यात झीलकरी शाहिराचा जोर वाढवतात, तशीच ही साथ असते.

शेरी मार्टेल (1958–2007) हिची कारकीर्द याचे ठळक उदाहरण आहे. ती आधी कुस्तीगीर होती. जुलै 1987 मध्ये तिने फॅब्युलस मूलाला हरवून वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचे महिला विजेतेपद मिळवले आणि ऑक्टोबर 1988 पर्यंत राखले. पुढे फेडरेशनमध्ये महिलांच्या लढती मागे पडत गेल्या, तेव्हा ती रँडी सॅव्हेज, टेड डिबियासी आणि शॉन मायकल्स यांची साथीदार झाली.

ही तिची पदावनती नव्हती. व्हॅलेलाही आपटी (पाठीवर सुरक्षित पडण्याचे तंत्र) खावी लागते. निकाल ठरलेला असला, तरी पडणे खरेच असते. शेरीकडे ते कौशल्य होते, म्हणूनच पुरुष मल्लांच्या लढतींत तिचा सहभाग विश्वासार्ह वाटे. 2006 मध्ये तिला याच फेडरेशनच्या, म्हणजे नव्या नावाच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या, ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले, ते या दोन्ही कामांच्या बळावर.