कृत्रिम फुप्फुस (लेखांक ९) : यंत्र चालू असता श्वास कशासाठी?

रक्त गोठू नये म्हणून जे हेपारिन कृत्रिम फुप्फुसाच्या वापरात रुग्णाला अखंड द्यावे लागते, त्याची हकीगत या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते; परंतु सांगलीहून एका वाचक भगिनींचे जे पत्र आले आहे, त्यातील दोन प्रश्न असे मर्मावर बोट ठेवणारे आहेत की हेपारिनचे प्रकरण तूर्त तहकूब ठेवणेच मला युक्त वाटते. त्यांचे बंधू २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या न्यूमोनियाने अत्यवस्थ होऊन एक्मोवर, म्हणजे रक्त शरीराबाहेर फिरवून पटलातून वायूंची देवघेव करणाऱ्या या कृत्रिम फुप्फुसाच्या यंत्रावर, होते, आणि सुदैवाने त्यातून बरे होऊन आता आपल्या कामावर रुजू झाले आहेत. भगिनी विचारतात, की प्राणवायू देण्याचे आणि कार्बन डायऑक्साइड काढून घेण्याचे सारे काम जर शरीराबाहेरचे पटल करीत होते, तर भावाच्या श्वासनलिकेतील नळी आणि उशाशी चाललेला व्हेंटिलेटर ही दोन्ही कशासाठी ठेवली होती? आणि पडद्यावरचे सर्व आकडे ठीक आहेत असे डॉक्टर सांगत असताही, गुंगीचे औषध जरा कमी केले की त्याला धाप का लागत असे?

पहिल्या प्रश्नासाठी रक्तातील दोन वायूंचा जमाखर्च आधी पाहिला पाहिजे. स्वस्थ पडलेल्या प्रौढ माणसाला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू लागतो. शरीरभर फिरून हृदयाकडे परतणारे अशुद्ध रक्तही पार रिते झालेले नसते. त्यातील हीमोग्लोबिनचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग प्राणवायूने भरलेलाच असतो, आणि त्यामुळे अशा एका लिटर रक्तात आणखी प्राणवायू भरावयाचा म्हटले, तर पटल कितीही उत्तम असले तरी, पन्नास-साठ मिलिलिटरांहून फारसा अधिक मावत नाही. म्हणून मिनिटाला चार-पाच लिटर रक्त बाहेर फिरवावे लागते, आणि म्हणूनच त्या जाडजूड नळ्या मांडीतील व मानेतील मोठ्या शिरांत घालाव्या लागतात. कार्बन डायऑक्साइडचा हिशेब अगदी निराळा आहे. तो मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपाने रक्तात विरघळलेला असतो, आणि एका लिटर अशुद्ध रक्तात त्याचा साठा सुमारे ५०० मिलिलिटर असतो. उलट शरीर मिनिटाला निर्माण करते तो अवघा २०० मिलिलिटरांच्या आसपास. म्हणजे निदान कागदावर तरी, मिनिटाला अर्धा लिटर रक्तातून देखील सारा कार्बन डायऑक्साइड काढून टाकता येईल. व्यवहारात इतके साधत नाही, लिटर-दीड लिटर रक्त तरी फिरवावे लागते. तथापि प्राणवायू देणे हे कृत्रिम फुप्फुसाचे अवघड काम आणि कार्बन डायऑक्साइड काढणे हे त्या मानाने सोपे काम, ही गोष्ट एकदा ध्यानात धरली म्हणजे पुढचा इतिहास आपोआप उलगडत जातो.

ती प्रथम ज्याने पुरतेपणी ध्यानात धरली तो म्हणजे आपल्या परिचयाचा थिओडोर कोलोबो, ज्याने सिलिकोनचे पटल गुंडाळून आपले कृत्रिम फुप्फुस बनविले त्याची कथा मागे येऊन गेली आहे. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रयोगशाळेत त्याने जाग्या मेंढ्यांच्या रक्तातून या पटलाच्या द्वारे कार्बन डायऑक्साइड काढण्यास आरंभ केला, आणि १९७७ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी जे प्रसिद्ध केले ते आजही वाचताना विस्मय वाटतो. पटलातून जितका अधिक वायू काढावा तितका मेंढीचा श्वास मंद होत जाई; शरीरात निर्माण होणारा जवळजवळ सगळाच कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या बाहेर काढला जाऊ लागला, की मेंढी श्वास घेणे जवळजवळ थांबवी. ती जागी असे, मात्र श्वासासाठी तिची धडपड नसे. प्राणवायू तिला स्वतःच्या फुप्फुसांतून मिळतच होता, कारण त्यांत तो भरलेला असला म्हणजे छाती न हलताही रक्तात झिरपत राहतो. आपण श्वास घेतो तो मुख्यत्वे प्राणवायूच्या ओढीने नव्हे, तर कार्बन डायऑक्साइडच्या रवानगीसाठी, हे शरीरशास्त्राच्या पुस्तकांत होतेच. परंतु त्याचा इतका उघड पुरावा कोलोबोपूर्वी कोणी समोर ठेवला असेल असे मला वाटत नाही.

याच प्रयोगशाळेत इटलीहून आलेला लुचियानो गॅटिनोनी नावाचा तरुण वैद्य काम करीत होता, आणि त्या वेळी अमेरिकेतच एक मोठा अपयशाचा प्रसंग घडत होता. प्रौढांतील तीव्र श्वसनविकारात एक्मोचा उपयोग होतो की नाही हे ठरविण्यासाठी तेथील सरकारी संस्थेने १९७४ मध्ये चाचणी सुरू केली होती. १९७९ साली तिचा निकाल जाहीर झाला तेव्हा ९० रुग्णांपैकी यंत्रावर ठेवलेल्या ४२ जणांतील चार आणि न ठेवलेल्या ४८ जणांतीलही चारच जिवंत राहिले होते. या एका निकालाने प्रौढांवरील एक्मो बहुतेक ठिकाणी गुंडाळून ठेवले गेले. नवजात अर्भकांसाठी रॉबर्ट बार्टलेट यांनी ते नेटाने चालू ठेवले नसते, तर कदाचित ते नामशेषच झाले असते. यंत्र निरुपयोगी आहे असा त्या निकालाचा अर्थ लावला गेला. माझ्या मते तो अर्थ अन्यायाचा होता, कारण यंत्र रक्तात प्राणवायू घालीत असता रुग्णाच्या सुजलेल्या फुप्फुसांत व्हेंटिलेटर पूर्वीच्याच मोठ्या दाबाने हवा कोंबीत राहिला होता. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालावे आणि त्याच हाताने रोज पाणी शेंदावे, असा तो प्रकार होता. रक्तस्राव होता, तंत्र अपरिपक्व होते, हे सर्व खरे. परंतु विश्रांतीचा विचारच त्या तजविजीत नव्हता, हे मला त्यातील मोठे वैगुण्य वाटते.

गॅटिनोनीने मायदेशी परतल्यावर मिलानमध्ये नेमका हाच धागा उचलला. अशा रुग्णांच्या छातीच्या सीटी स्कॅनमध्ये त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना असे दिसले, की फुप्फुस सर्वत्र सारखे बिघडलेले नसते. पाठीकडचा भाग पाण्याने भरून घट्ट झालेला असतो, आणि पुढच्या बाजूला जो थोडा भाग हवेला मोकळा राहतो तो पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढाच असतो. प्रौढाच्या मापाची हवा त्या चिमुकल्या जागेत दर श्वासाला घुसविली म्हणजे जो भाग धड उरला आहे तोही फाटतो. म्हणून त्याने कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या पटलाने काढला, व्हेंटिलेटरचे श्वास मिनिटाला तीन ते पाचांवर आणले, आणि प्राणवायू मात्र शक्य तितका फुप्फुसांतूनच झिरपू दिला. १९८६ साली त्याने ४३ रुग्णांचा वृत्तान्त दिला. त्यातील २१ जगले होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हा आक्षेप त्यावर आला व तो योग्यही होता. परंतु पुढे २००० साली, एक्मोचा संबंधही नसलेल्या एका अमेरिकन चाचणीने ८६१ रुग्णांत दाखवून दिले, की दर श्वासाला शरीराच्या अपेक्षित वजनाच्या किलोमागे बाराऐवजी सहा मिलिलिटर हवा दिली तर मृत्यूचे प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येते. व्हेंटिलेटर जीव वाचवितो तसा फुप्फुसाला इजाही करतो, याबद्दल मग फारशी शंका उरली नाही.

आता भगिनींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. इंग्लंडात लेस्टरच्या ग्लेनफील्ड रुग्णालयात ज्या चाचणीतील रुग्णांना एक्मोसाठी हलविले जाई, आणि जिचा निकाल २००९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतच प्रसिद्ध झाला, त्या चाचणीत यंत्र जोडल्यावर व्हेंटिलेटर बंद करीत नसत, तर त्याचा अंमल उतरवीत: मिनिटाला दहा श्वास, हवेतील प्राणवायू ३० टक्के, शिखरदाब पाण्याच्या २० ते २५ सेंटिमीटरांपर्यंत, आणि श्वास सोडल्यावरही १० ते १५ सेंटिमीटर दाब शिल्लक. हा शिल्लक दाबच महत्त्वाचा. तो नसेल तर वायुकोश मिटतात, आणि मिटलेले वायुकोश पुन्हा उघडणे मोठे कष्टाचे होऊन बसते. म्हणजे तुमच्या बंधूंचा व्हेंटिलेटर श्वासोच्छ्वास चालविण्यासाठी नव्हता, फुप्फुसे उघडी धरून ठेवण्यासाठी होता. शिवाय त्या नळीतून कफ ओढून काढता येतो. त्याच २००९ साली, स्वाइन फ्लूच्या पहिल्या मृत्यूनंतर आपल्याकडे पुण्यात नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागलेल्या होत्या, तेव्हा ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये त्या साथीतील ६८ रुग्ण एक्मोवर ठेवले गेले होते, आणि वृत्तान्त लिहिला जाईपर्यंत त्यातील ४८ जण अतिदक्षता विभागातून बाहेर पडले होते. विषाणूच्या न्यूमोनियात फुप्फुस सावरण्यास अवधी मिळाला तर ते सावरू शकते, हे त्या आकड्यांनी जगाला पटवून दिले.

दुसरा प्रश्न मला अधिक प्रिय आहे, कारण त्याचे उत्तर शोधू जाता आपण दिल्लीला पोचतो. कोलोबोच्या मेंढ्या श्वास थांबवीत, मग हा रुग्ण का धापा टाकतो? मेंढ्यांची फुप्फुसे निरोगी होती, हा यातील मोठा भेद. श्वासाची प्रेरणा केवळ रक्तातील वायूंवरून ठरत नाही. खुद्द फुप्फुसातूनही मेंदूकडे संदेश जातात, आणि त्यांतील एका फार महत्त्वाच्या वर्गाचा शोध अवतार सिंग पेंटल या भारतीय शास्त्रज्ञाने लावला. पुढे ते दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक व भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेचे महासंचालक झाले. मांजराच्या व्हेगस मज्जातंतूतून एकेक सूक्ष्म तंतू सुटा करून त्यातील विद्युत्संदेश नोंदण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. फेनिल डायग्वानाइड नावाचे द्रव्य हृदयाच्या उजव्या कप्प्यात सोडावयाचे आणि तंतू किती वेळाने बोलू लागतो हे मोजावयाचे. तो इतक्या त्वरेने बोले, की ती मज्जाग्रे फुप्फुसातील केशवाहिन्यांना अगदी लगटून असली पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे त्यांना ‘जे-ग्राहक’ हे नाव मिळाले. फुप्फुसाच्या ऊतींत पाणी साचू लागले की हे ग्राहक चेतविले जातात आणि श्वास जलद व उथळ होतो, मग रक्तातील वायू ठीक असोत वा नसोत.

विषाणूने सुजलेल्या, पाण्याने जड झालेल्या फुप्फुसाकडून असे संदेश अहोरात्र जात असणार. पटलापलीकडून वाहणारा वायू वाढवून अधिक कार्बन डायऑक्साइड काढला, तर काही रुग्णांची धाप उतरते. काहींची उतरत नाही, आणि असा जोराचा श्वास स्वतःच फुप्फुसाला ताणून आणखी इजा करू शकतो. म्हणून गुंगी पुन्हा वाढवावी लागते, प्रसंगी स्नायू शिथिल करणारे औषधही द्यावे लागते. उलट ज्यांचा श्वास शांत राहतो अशांना काही केंद्रांत जागे ठेवतात, घशातील नळी काढतात, एक्मोच्या नळ्या सांभाळीत खुर्चीत बसवितात, चालवितातही. कोणाला जागे करावे आणि कोणाला निजवून ठेवावे हे ठरविण्याचा पक्का जाबता अद्याप नाही. उशाशी बसून पाहावे लागते.

विश्रांती पुरेशी झाली की नाही याची परीक्षा मात्र फार सुटसुटीत आहे. एका शिरेतून रक्त घेऊन दुसऱ्या शिरेत परत देण्याच्या पद्धतीत, पटलाला जाणाऱ्या वायूची तोटी बंद करतात आणि रक्त पूर्ववत फिरत ठेवतात. पटल मग नुसती वाट राहते आणि वायूंची सगळी देवघेव रुग्णाच्या फुप्फुसांवर येऊन पडते. काही तास धमनीतील रक्त तपासून ते ठीक आढळले, तर नळ्या काढावयाच्या. या परीक्षेत वायू बंद करतात, पण रक्ताचा पंप थांबवीत नाहीत, कारण पटलात स्थिर राहिलेले रक्त लवकरच गोठू लागते, आणि मग यंत्र पुन्हा सुरू करण्याची मुभा उरत नाही. ते का गोठते, आणि हेपारिन त्याला कसे अडविते, ते पुढील आठवड्यात.