आधी टेबल, मग खुर्च्या

पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 साली बिलियर्ड्सचं हौशी जागतिक विजेतेपद मिळवलं. हा खेळ आपल्याला परका नाही. मुंबई-गोवा महामार्गावर पनवेलजवळच्या शिरढोणला कुणी बिलियर्ड्स लाउंज काढायचं ठरवलं, तर फर्निचर खेळाच्या मापांवरून निवडावं, कॅटलॉगमधल्या चित्रांवरून नव्हे. बिलियर्ड्स-स्नूकरच्या पूर्ण टेबलावर खेळाची जागा जवळपास 12 बाय 6 फूट, क्यू (चेंडू मारायची काठी) पावणेपाच फुटांच्या आसपास. म्हणजे क्यू मागे खेचायची सोय धरून सुमारे 22 बाय 16 फूट लागतातच, आणि त्यात एकही खुर्ची नको. तेवढ्यात चार गिऱ्हाइकं बसतील, हा हिशेब फसवा आहे; कोपरा अडला की खेळणारा पुन्हा येत नाही आणि टेबलाचं तासाचं भाडं बुडतं. बघणाऱ्यांना भिंतीलगत पाठ असलेली उंच स्टुलं द्यावीत, कारण खोल सोफ्यातून खेळ धड दिसत नाही.

पनवेलच्या पावसाळी हवेत पार्टिकल बोर्ड फुगतो, म्हणून मरीन प्लाय आणि पावडर कोटिंगचं लोखंड बरं. महाग पडतं, हे खरं; पण रोज ओल्या फडक्याने पुसल्या जाणाऱ्या बारमध्ये स्वस्त टेबलांच्या कडा लवकर सुटतात. पेल्यांसाठी भिंतीला अरुंद फळी हवीच, नाहीतर ते खेळाच्या टेबलाच्या कडेवर येतात आणि सांडलेलं पेय थेट कापडात मुरतं.