ऐंशी ठोक्यांचा अर्थ

परिचर्या शिकणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्र असते. आजाराचे नाव नाही. नुसती वर्गातल्या सोबत्याची नाडी पाहायची, श्वास मोजायचे! तेही मनगट धरून, नाडीच पाहतोय असे भासवत. कारण श्वास मोजले जाताहेत हे कळले की माणसाचा श्वास नकळत बदलतो. पुष्कळांना विषय कंटाळवाणा वाटतो, पाठांतरही फार. पण कसोटी लागते ती पुढे, प्रसूतिकक्षात. मिनिटाला ८० ठोके ही बाळंतिणीची नाडी उत्तम. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे ठोके मात्र साधारण १२० ते १६० हवेत. त्याचेही ८० च भरले, तर ‘शांत निजलेय’ म्हणून चालत नाही. अँबू बॅगने ताबडतोब श्वास द्यावा लागतो.