मण्यांवर मोजलेला श्वास

बाळाची छाती भराभर वरखाली होते आहे. आई त्याला मांडीवर घेऊन बसली आहे आणि समोर गावातली दाई. दाईच्या हातात एक साधं उपकरण आहे. लहान मुलांच्या पाटीला असतात तसे तारेत ओवलेले मणी आणि शेजारी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. ती घड्याळ उलटं करते आणि बाळाच्या पोटाकडे बघत राहते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवायची वेळ आली तर बाळाला न्यूमोनिया आहे असं समजायचं आणि औषध सुरू करायचं.

दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त आणि त्याहून मोठ्या तान्ह्या बाळाचा ५० किंवा जास्त असेल, तर धोका. हा निकष वैद्यकाच्या पुस्तकात आहे. पण शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला साठपर्यंत मोजायला कसं सांगायचं? गडचिरोलीत या प्रश्नाचं उत्तर बाईला अंक शिकवून नव्हे, तर यंत्र बदलून शोधलं गेलं. दहापर्यंत तर सगळ्यांनाच येतं. पुढचा हिशेब मणी ठेवतील.

हे उपकरण ‘सर्च’ या संस्थेच्या कामातून आलं. चंद्रपूर जिल्ह्याचं विभाजन होऊन १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा झाला. चारच वर्षांनी डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथं काम सुरू केलं. दोघं अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आले होते. संशोधन करायचं म्हटलं तर मोठ्या शहरातलं मोठं रुग्णालय सोयीचं. तिथं यंत्रं असतात, नोंदी असतात, रुग्ण आपणहून येतात. पण जो आपणहून येत नाही, तो त्या संशोधनात कुठंच नसतो.

याचा पहिला धक्का बायकांच्या आजारांनी दिला. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. त्याआधी अशी तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के. १९८९ च्या जानेवारीत ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं, आणि गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे तिचं बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरणाऱ्या तज्ज्ञांना विचार करावा लागला. रोवणीला दिवसभर चिखलात वाकणारी बाई दुखणं अंगावर काढते, म्हणून ते दुखणं आकडेवारीत नसतं. एरवी ते गावातल्या प्रत्येक घरात असतं.

बालमृत्यूंचंही तसंच होतं. १९८८ मध्ये इथल्या गावांत हजार जन्मांमागे १२१ बाळं वर्षाची होण्याआधी दगावत होती. न्यूमोनिया हे त्यातलं मोठं कारण. औषध स्वस्त होतं, गोळीच्या किंवा पातळ औषधाच्या रूपात मिळत होतं. प्रश्न एवढाच होता की आजार ओळखणार कोण आणि औषध देणार कोण. १९८८-८९ मध्ये १०२ गावांत याचा प्रयोग झाला. ५८ गावांत आरोग्य कर्मचारी, गावातले आरोग्यसेवक आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखायला आणि प्रतिजैविक द्यायला शिकवलं. ४४ गावांत नेहमीच्याच सेवा चालू राहिल्या. शिकवलेल्या गावांत न्यूमोनियाच्या ६१२ रुग्णांवर उपचार झाले, त्यांतली एक टक्क्याहूनही कमी मुलं दगावली. तुलनेच्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के होतं.

बालमृत्यू कमी झाले, पण जन्मल्यावर पहिल्या महिन्यातच जाणारी बाळं उरली. या बाळांचं करायचं काय, हा प्रश्न अवघड होता. जगभरचं वैद्यकशास्त्र सांगत होतं की नवजात बाळ आजारी पडलं तर त्याला रुग्णालयातच न्यायला हवं. इथं बहुतेक बाळंतपणं घरी होत होती. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. शिवाय बाळंतीण आणि बाळ काही दिवस घराबाहेर पडत नाहीत, ही रीत. पूर ओसरतो, रीत ओसरत नाही.

मग आधी मोजणी झाली. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतली ७६३ नवजात बाळं जन्मापासून २८ दिवस घरोघर जाऊन पाहिली गेली. निम्म्याहून जास्त, ५४.४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली फक्त २.६ टक्क्यांना. चाळीस बाळं दगावली.

यानंतर जे झालं ते धाडसाचं होतं. गावातलीच, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेली बाई निवडली गेली. तिला ‘आरोग्यदूत’ म्हटलं गेलं. बाळंतपणाला हजर राहायचं, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा, वजन करायचं, बाळाला उबेत ठेवायचं, आईला अंगावर पाजायला मदत करायची आणि जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. हे सगळं झोपडीत, कंदिलाच्या उजेडातही.

संसर्ग ओळखायचा कसा? प्रयोगशाळा नाही, रक्ततपासणी नाही. नोंदींच्या अभ्यासातून पुढं सात लक्षणांची यादी तयार झाली. बाळाचं दूध ओढणं कमी होणं किंवा थांबणं, रडणं क्षीण होणं, हातपाय सैल पडणं, उलटी किंवा पोट फुगणं, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, बेंबी पिकणं. आणि सातवं लक्षण म्हणजे बाळ हाताला गार लागतं, असं आईनं सांगणं. यांतली कुठलीही दोन एकाच वेळी दिसली की उपचार हवा. आईच्या तळहाताला जे कळतं, ते या यादीत थर्मामीटरच्या आकड्याइतकंच मानाचं ठरलं.

तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, ४७ तुलनेच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ५९.६ होता, तर आरोग्यदूत असलेल्या ३९ गावांत २५.५. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. डिसेंबर १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’ मध्ये छापून आला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली. २०११ पासून भारत सरकारनं घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम देशभरात आशांवर सोपवला.

आज आशाताई बाळंतीण घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. पिशवीत थर्मामीटर, घड्याळ, वजनाची झोळी. या सगळ्या भेटींचे मिळून तिला केंद्राकडून २५० रुपये ठरले. सहा भेटी धरल्या तर भेटीमागे चाळीस-बेचाळीस रुपये पडतात. एका बाळाचा जीव राखण्याच्या कामाची ही मजुरी कुणी ठरवली असेल, असा प्रश्न तेंदूपानांच्या हंगामात शेकड्याचा भाव घासाघीस करून ठरवणाऱ्या बाईला नक्की पडेल.

आणखी एक गोष्ट वाटेत गळून पडली. आरोग्यदूत जे इंजेक्शन देत होती, ते आशा देत नाही. कार्यक्रम देशभर नेताना ते तिच्या कामात धरलंच नाही. २०१४ मध्ये परवानगी मिळाली ती परिचारिकेला, म्हणजे उपकेंद्रातल्या एएनएमला. ताईनं लक्षणं ओळखायची आणि बाळाला पुढं पाठवायचं. अशिक्षित माणसाच्या हाती सुई नको, ही भीती समजण्यासारखी आहे. देशभरातल्या लाखो आशांचं प्रशिक्षण आणि देखरेख ३९ गावांइतकी बारकाईनं होईल याची खात्री कुणी द्यावी? पण गडचिरोलीतले मृत्यू कमी झाले ते सल्ल्यासोबत उपचारही घरात होते तेव्हा. आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, १०८ ची गाडी येते, जिल्ह्याच्या गावी नवजात बाळांचा विशेष कक्ष आहे. फरक पडलाच आहे. तरी तिसऱ्या दिवशी घरी आलेलं बाळ नवव्या दिवशी दूध ओढेनासं होतं, तेव्हा ते असतं टोल्यावरच्या घरात, आणि जुलैचा पाऊस चालू असतो. ताई मोबाइलला रेंज कुठं मिळते ते शोधत घरामागच्या उंचवट्यावर चढते.